मक्याच्या माहेरी

(रोजनिशीतील पाने, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४)

२२ ऑक्टोबर, मेक्सिको सिटी

हे शहर २,२४० मीटर उंचीवर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्याही वर जवळजवळ नऊशे मीटर. मेट्रोचे जिने चढताना लागते ती धाप वयाची नाही, असं मी ताईला सांगतेय. तिला पटत नाही. तिच्या मते दोष सकाळी कॉफीबरोबर खाल्लेल्या गोड पावांचा.

दुपार झोकालोत, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात गेली. एका बाजूला कॅथीड्रल आणि तिला खेटूनच अझ्टेकांच्या मोठ्या देवळाचे उघडे पडलेले थर. १५२१मध्ये हर्नान कोर्तेसने तेनोच्तित्लान हे तळ्यातलं शहर जिंकलं, पाडलं आणि त्याच दगडांनी त्याच जागी आपलं शहर उभं केलं. पुढे तळंही हळूहळू आटवलं. आता दोन कोटींवर माणसं त्या जुन्या चिखलावर राहतात, खालचं पाणी उपसतात, आणि शहर खचत चाललंय. काही भागांत वर्षाला फूट-दीड फूट.

कॅथीड्रलच्या घुमटातून एक लांबलचक ओळंबा खाली सोडलाय. गवंड्याकडे असतो तोच, फक्त आकाराने दांडगा. पूर्वी त्याचं टोक कुठे होतं याच्या खुणा खाली जमिनीवर केलेल्या आहेत, त्यावरून इमारत कधी किती कलली ते कळतं. १९९०च्या दशकात उंच राहिलेल्या बाजूखालची माती काढून तिला बरीच सरळ केली. मेणबत्ती लावायला आलेल्या बायका ओळंब्याला वळसा घालून जातात, वर बघतसुद्धा नाहीत.

मोठ्या देवळाचा शोध लागला तो विजेच्या केबलमुळे. फेब्रुवारी १९७८मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत होते आणि एका कोरीव दगडावर त्यांची पहार अडली. तीन मीटरहून रुंद गोल शिळा. तिच्यावर हातपाय आणि मुंडकं तुटलेली देवी, कोयोल्शाउकी. भाऊ उइत्झिलोपोच्त्लीने तिचे तुकडे करून डोंगरावरून खाली टाकलं, अशी कथा आहे. म्हणून ही शिळाही देवळाच्या पायथ्याशी. इतकी कापाकापी असूनही कोरणाऱ्याने तिच्या गुडघ्यांवरच्या, कोपरांवरच्या गाठी, कमरेचा सर्पपट्टा, सगळं निगुतीने केलंय. मी बराच वेळ तिथे उभी होते. ताई म्हणाली, "आपल्याकडेही दक्षाच्या यज्ञानंतर सतीचे तुकडे झाले होतेच की. अगदी आपल्यासारखं." मला मान्य नाही. सतीचे तुकडे जिथे पडले तिथे तिची पूजा सुरू झाली. ही पायरीखाली हरलेली म्हणून पडून आहे. पण पहिल्याच दिवशी वाद नको.

२३ ऑक्टोबर

या सहलीचं मूळ निमित्त आज पाहिलं. ताई नागपूरची, मीही लग्नाआधी तिथलीच. पांडुरंग खानखोजे हे नाव लहानपणी घरात ऐकलेलं, तेही "मेक्सिकोत गेलेले क्रांतिकारक" एवढंच.

शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आता भित्तिचित्रांचं संग्रहालय आहे. क्रांतीनंतर वास्कोन्सेलोस हे शिक्षणमंत्री झाले. त्यांनी सरकारी भिंती चित्रकारांच्या हवाली केल्या. माणूस भारतीय तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलेला. चौकाच्या कोपऱ्यांत क्वेत्झालकोआत्ल आणि प्लेटो यांच्या सोबतीला बुद्ध कोरलाय तो त्यांच्याच काळात. दिएगो रिवेरा इथे १९२३ ते १९२८ रंगवत होता. तीन मजले, दोन चौक, शेकडो चौकटी. खाली विणकर, रंगारी, खाणीत उतरणारे आणि वर येताना झडती देणारे मजूर. वरच्या मजल्यावर क्रांतीचा पोवाडा: एक लाल फीत एका चित्रातून दुसऱ्यात जात राहते आणि तिच्यावर गाण्याचे शब्द.

याच मजल्यावर दोन पंगती रंगवल्या आहेत. एकीत अमेरिकेतले धनाढ्य, रॉकफेलर, मॉर्गन, फोर्ड, समोर ताटांऐवजी शेअरभावांची कागदी पट्टी. दुसरीत साधी, श्रमाची माणसं टेबलाभोवती बसलीत, लेकरंही आहेत, आणि मधला माणूस पाव मोडून वाटतोय. हा पाव वाटणारा म्हणजे खानखोजे, असं सांगितलं जातं. चेहरा सावळा, शांत, थोडा थकलेला. वर्ध्याचा मुलगा, अमेरिकेत शेतकी शिकला, गदर पक्षाच्या उभारणीत होता, पहिल्या महायुद्धात इराणच्या बाजूला इंग्रजांशी लढला, मॉस्कोत लेनिनला भेटला, आणि १९२४मध्ये मेक्सिकोत येऊन मक्याच्या शेतात उतरला. एका आयुष्यात एवढं सगळं म्हटलं की कादंबरीकाराला संपादक म्हणेल, जरा कमी करा.

ताई चित्रासमोर हात जोडून उभी राहिली. रखवालदाराने तिच्याकडे आणि मग चित्राकडे पाहिलं. ती मराठीतच त्याला म्हणाली, "आमच्या गावचे आहेत." त्याने मान डोलावली. काय समजला कोण जाणे.

२४ ऑक्टोबर

मानववंशशास्त्र संग्रहालय. एका दिवसात पाहायचा नाद करू नये. आम्ही केला आणि पाय गेले. दारातच पर्जन्यदेव त्लालोकची भलीमोठी शिळा, दीडशे टनांहून जड. कोआत्लिंचान गावातून १९६४मध्ये ती इथे आणली. गावकऱ्यांचा विरोध इतका, की लष्कर बोलवावं लागलं. शहरात शिळा आली त्या दिवशी, ऐन कोरड्या ऋतूत, धो-धो पाऊस झाला. ही गोष्ट इथला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. मला मात्र पावसापेक्षा त्या गावाचं वाईट वाटलं. त्यांना नंतर प्रतिकृती मिळाली.

२५ ऑक्टोबर, चापिंगो

बसने तेश्कोकोच्या वाटेला लागलो. वाटेत धूळ, टायरची दुकानं, चिकनच्या जाहिराती. पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. चापिंगोचं कृषी विद्यापीठ एका जुन्या जमीनदारी वाड्यात आहे. इथे जमीन पिळायला शिकवतात, माणसाला नाही, अशा अर्थाचं या संस्थेचं ब्रीद आहे. वाड्याचं खासगी चर्च रिवेराने आतून पूर्ण रंगवलं. समोरच्या भिंतीवर मोकळी झालेली पृथ्वी: गरोदर, उघडी, आडवी पसरलेली बाई, एक हात उंचावलेला. त्यासाठी त्याची बायको लुपे मारीन बसली होती. चर्चच्या वेदीमागे जिथे मारिया असायची तिथे ही. ताईने आधी नजर फिरवली, मग चष्मा पुसला आणि नीट पाहिलं.

खानखोजे इथे प्राध्यापक होते. मक्याच्या आणि गव्हाच्या जाती सुधारणं हे त्यांचं काम, आणि त्याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या मोफत शेतकी शाळा. छायाचित्रकार तीना मोदोत्तीने या कामाचे फोटो काढलेत, त्यात त्यांनी वाढवलेली कणसंही आहेत. गंमत बघा: मका इथलाच, नऊ हजार वर्षांपूर्वी इथल्याच रानगवतातून माणसांनी वाढवलेला. त्याच्या माहेरी येऊन तो कसा सुधारावा हे विदर्भातल्या एका माणसाने शिकवायचं, आणि लोकांनी त्याचं ऐकायचं, यात दोघांचाही मोठेपणा आहे.

त्यांचा पुतळा इथे २०२२मध्ये बसवला. आपले लोकसभा अध्यक्ष आले होते अनावरणाला. एका विद्यार्थ्याने आम्हाला तिथवर पोचवलं. त्याला खानखोजे म्हणजे "ते मक्यावाले" एवढं ठाऊक होतं, आणि ते काही कमी नाही. नागपुरात रस्त्यावर उभं राहून दहा जणांना विचारलं तर काय उत्तर येईल? १९४९मध्ये भारतात यायला निघाले तर नव्या स्वतंत्र सरकारच्या यादीतही ते काळ्या बाजूलाच होते. इंग्रजांची यादी तशीच पुढे चालू. अखेर परतले, नागपुरात राहिले, १९६७मध्ये गेले. परतीच्या बसमध्ये ताई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपल्या घरापासून किती लांब राहत असतील गं?"

२७ ऑक्टोबर, ओआहाका

दिवसभर बस. तेउआकानच्या पुढे डोंगरच्या डोंगर खांबासारख्या निवडुंगांनी भरलेले. संध्याकाळी पोचलो. खोली एका घरातच आहे, मालकीणबाई विधवा, साठीच्या. त्यांना आम्ही सेन्योरा म्हणतो, त्या आम्हाला "मुलींनो" म्हणतात. ताई एकाहत्तर वर्षांची आहे.

२८ ऑक्टोबर

शाकाहाराचा प्रश्न. काळ्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते, त्लायुदा नावाच्या मोठ्या कुरकुरीत पोळीवरही तीच फासलेली. "सिन मांतेका", चरबीशिवाय, हे दोन शब्द ताईने पाठ केलेत आणि रामरक्षेसारखे म्हणते. वाडग्यात परतलेले नाकतोडे आले तेव्हा मात्र तिने नुसताच हात वर केला. मी खाल्ले. लिंबू, मीठ, लसूण, आणि पाय दातांत अडकतात.

पण आजचा दिवस सेन्योरांच्या स्वयंपाकघराचा. त्यांनी काल रात्री मका चुन्याच्या पाण्यात उकळून तसाच ठेवला होता. सकाळी पाणी पिवळंधमक, आणि दाणा चोळला की साल बोटांवर निघून येते. दोन-तीनदा धुतला. मग मेताते: तीन पायांचा, थोडा उताराचा काळा दगड, त्याच्यावर दोन्ही हातांनी धरायचा दगडी वरवंटा. रोजच्यासाठी त्या गिरणीतून दळून आणतात, आमच्यासाठी म्हणून एवढं वाटलं. त्यांनी ताईला बसवलं. ताईला वाटलं होतं, पाट्यावर चटणी वाटलेलं मनगट आहे, जमेल. पण इथे वजन मनगटातून नाही, खांद्यातून द्यायचं असतं, गुडघ्यांवर बसून, पुढे झुकून. थोड्याच वेळात ती थांबली. पीठ मऊ, ओलसर, आणि मक्याच्या कुठल्याही पिठाला येत नाही असा वास: पाऊस पडून गेलेल्या भिंतीचा.

मातीच्या तव्यालाही त्यांनी आधी चुन्याचं पाणी फासलं, म्हणजे पोळी चिकटत नाही. पोळी टाकली, कड सुटताच उलटली, पुन्हा उलटली, बोटांनी हलकेच दाबली आणि ती टम्म फुगली. ताईने टाळी वाजवली.

चुन्याचं हे काम नुसतं साल काढण्याचं नाही. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व त्याने मोकळं होतं, एरवी ते अंगी लागतच नाही. स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, चुना इथेच राहिला. पुढे स्पेन आणि उत्तर इटलीतली गरीब माणसं मक्यावरच जगायला लागली तेव्हा त्यांना पेलाग्रा जडला: कातडी सोलवटते, जुलाब होतात, शेवटी डोकं फिरतं. अनेक वर्षं दोष मक्याला देत होते. कारण समजायला विसावं शतक उजाडलं. सातपुड्यातही मक्याची भाकरी खातात. तिथेही मका आला, ही युक्ती आली नाही. इथल्या बायका ती तीन हजार वर्षांहून जास्त काळ वापरत आल्यात. बियाणं जहाजात चढवलं, पण बायकांना कुणी काही विचारलं नाही, असं मला आज पोळी खाताना वाटत होतं. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "लिहून ठेव."

२९ ऑक्टोबर

मोन्ते आल्बान. झापोतेक लोकांनी डोंगराचा माथा सपाट करून वसवलेलं शहर, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. ऊन फार. पायऱ्या उंच. वाकड्यातिकड्या अंगांची कोरीव माणसं आहेत. पूर्वी त्यांना नाचणारी म्हणत, आता बहुतेक अभ्यासक त्यांना मारलेले युद्धकैदी मानतात. ते कळल्यावर पुन्हा बघवत नाहीत.

३१ ऑक्टोबर, रात्री उशिरा

आज घरी नरकचतुर्दशी. पहाटे पुण्याहून फोन येऊन गेला, फराळाचे फोटो आले. इथे मृतांच्या स्मरणाचा सण, म्हणून आम्ही रात्री शोशोकोत्लानच्या दफनभूमीत गेलो. दिवाळीत स्मशानात! आईला कळतं तर तिने उंबरा ओलांडू दिला नसता.

आत शिरायलाच वेळ लागला. बाहेर जत्रा: मक्याची कणसं, फुगे, पाळणे, चेहऱ्यावर कवटी रंगवून घेणारे अमेरिकी. त्यातले काही दारूचे ग्लास घेऊन थडग्यांमधून फोटो काढत फिरत होते आणि मला राग आला. मग लक्षात आलं, आम्हालाही इथे कुणी आवतण दिलेलं नाही. एवढंच, की आमच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

पुढे गेलं की गलका मागे पडतो. प्रत्येक थडग्यावर झेंडू आणि लाल कोंबड्याची फुलं, ढिगाने. मेणबत्त्या उंच, पांढऱ्या. कोपल नावाच्या धुपाचा धूर. माणसं खुर्च्या टाकून बसलेली, मांडीवर पेंगुळलेली पोरं, थर्मासमधून चॉकलेट ओतणं चाललंय. एका थडग्याशी म्हातारबाबा एकटेच बसले होते. सगळं आवरून झाल्यावर फुलांच्या पाकळ्यांनी त्यांनी कडेकडेने एक रेघ काढली, ती थोडी वाकडी झाली, मोडली, पुन्हा काढली. कुठल्या घाईत नव्हते. आमच्याकडे पाहून बाजूची उपडी बादली सरकवली. ताई तिच्यावर बसली. त्यांनी छोट्या पेल्यात मेस्काल, इथली दारू, पुढे केली, ताईने तो हातात धरला आणि ओठाला लावून मला दिला.

झेंडू इथला. पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या कितीतरी झाडांबरोबर तो आपल्याकडे आला आणि दसऱ्याच्या दारावर चढला, इतका की त्याच्याशिवाय तोरण सुचत नाही. इथे तो मेलेल्यांना घरची वाट दाखवतो. फूल तेच, पण मी या दोघांना "एकच" म्हणणार नाही. पितृपक्षात आपण दर्भ, तीळ, कावळा घेऊन बसतो, चेहरे लांब करून. इथे बॅण्ड वाजत होता. ताईने आज "अगदी आपल्यासारखं" एकदाही म्हटलं नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सेन्योरांच्या बैठकीच्या खोलीत मृतांसाठीची ओफ्रेंदा मांडली आहे. टेबलावर पांढरं कापड, त्यांच्या नवऱ्याचा फोटो, पाणी, मीठ, संत्री, त्याची आवडती सिगारेट, मेस्कालची बाटली, आणि पाव: पिवळट, फुगीर, त्यावर पिठाचा छोटा रंगवलेला चेहरा खोचलेला, भुवया-ओठांसकट. वर दोन उसांची कमान, झेंडूने मढवलेली. दारापासून टेबलापर्यंत पाकळ्यांची वाट.

"हा तर तुळशीच्या लग्नाचा मांडव," ताई म्हणाली. आणि या वेळी तिच्यावर चिडता येईना, कारण उसाची बाजू खरंच उलटी आहे: तो आपल्या बाजूने अरबांमार्फत स्पेनला गेला आणि स्पॅनिशांबरोबर इथे आला. कमानीत आपला ऊस, त्यावर त्यांचा झेंडू. ओफ्रेंदासमोर बसून या दोन झाडांचा प्रवास सेन्योरांना फोनवरच्या भाषांतरातून सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या नवऱ्यांना काय आवडायचं?" ताईचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. "चिवडा," ती म्हणाली. चिवडा काय ते समजावताना आमची पुरती दमछाक झाली. शेवटी पिशवीतलं पाकीटच काढलं. सेन्योरांनी वाटीत ओतलं, एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि वाटी टेबलावर ठेवली, सिगारेटीशेजारी. लक्ष्मीचं तांदळावरचं नाणं आणि निरांजन खिडकीत मांडलं, ताईच्या आग्रहाखातर वेगळं.

मेक्सिको सिटीत या दिवसांत मोठी मिरवणूक निघते, ती बघायला का थांबलो नाही असं भाच्याने विचारलं. ती परंपरा २०१६ची आहे, जेम्स बाँडच्या चित्रपटात आधी दाखवली, मग शहराने खरी सुरू केली. तरी लोकांना आवडते, तर असू दे.

३ नोव्हेंबर, त्लाकोलुला

रविवारचा बाजार. बसथांब्यापासून आत जायला रिक्षा, आणि रिक्षा बजाजची! ताईने टपावर थाप मारली आणि ड्रायव्हरला "पुणे, पुणे" करत राहिली. त्याने हॉर्न वाजवून दाखवला.

गल्ल्यांवर ताडपत्र्या ताणलेल्या, ताई पाच फुटांची म्हणून बरं. वेणीत रिबिनी गुंफलेल्या, कशिद्याचे एप्रन बांधलेल्या बायका. पाय बांधलेले जिवंत टर्की, चुन्याचे खडे, कोपल, मेताते, शेंगदाणे, पपया, पेरू, टोमॅटो, सीताफळाचा एक मोठा गुळगुळीत भाऊबंद. आपल्या मंडईतून इकडचं सगळं उचलून घेतलं तर मागे फारसं काय उरेल, वांगी, काकड्या आणि कारली?

मिरच्यांच्या बाईसमोर ताई मांडी घालूनच बसली. धुरावर वाळवलेली सुरकुतलेली पासिया. तांबडी, पिवळी, काळी चिल्वाक्ले. काळी मोले नावाच्या रश्शात जाते आणि फार थोड्या गावांत पिकते म्हणून महाग. एक-एक हातात घेऊन ताईने वाकवली, देठ पाहिलं, वास घेतला, बी वाजवून बघितलं, भिवापुरी घेताना करते तस्संच. बाईने विचारलं, कुठून आलात. इंडिया, मी म्हटलं. बाईने अगदी आपुलकीने पुढचं विचारलं: तुमच्याकडे मिरची मिळते का?

मी भाषांतर केलं. ताई हसता हसता मागे कलंडली. मग म्हणाली, "सांग तिला, मिळते. तुमच्याकडूनच आली, म्हणून भाव जरा माहेरचा लाव."

तेही मी जमेल तसं सांगितलं. बाई हसली, एक मूठभर मिरच्या वरून टाकल्या, पण भाव पेसोनेही उतरवला नाही. अर्धा किलो घेतल्या. आता त्या बॅगेत कुठे बसवायच्या यावरून आमचं चाललंय; ताईच्या मते माझे बूट इथेच टाकून द्यावेत.